जाळी टिकली, गवत गेलं: हॅमस्टरच्या पिंजऱ्याचा छोटा इतिहास

काळा आजारावरच्या भागात मी बोलता बोलता एक वाक्य टाकलं आणि पुढे गेले: "या संशोधनात हॅमस्टर वापरले जायचे." नंतर एका श्रोत्याने विचारलं, "म्हणजे ते दुकानात मिळतात, चाकावर पळत बसतात, तेच हॅमस्टर का?" हो, तेच. आणि गंमत म्हणजे ते दुकानात मिळतात यामागे हा आजारच आहे.

या प्रश्नाचं उत्तर मला एरवी दोन ओळींत देता आलं असतं. पण तेव्हा माझ्या घरात एक हॅमस्टर नुकताच आला होता, म्हणून ते उत्तर लांबलं. तेच आज लिहिते आहे.

रात्री अडीचची कटकट

मी लीड्समध्ये राहते. वरच्या मजल्यावरची मुलगी पदवी संपवून घरी परत निघाली आणि जाताना तिची हॅमस्टर माझ्याकडे देऊन गेली. सोबत दुकानातून आणलेला पिंजरा: खाली गुलाबी प्लास्टिकचा ट्रे, वर पांढऱ्या तारांचे गज, एक लहानसं चाक, एक प्लास्टिकचं घर आणि तळाला दोन बोटं भुसा. मी तिचं नाव चिंगी ठेवलं. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली तर आई म्हणाली, "अगं, इथे आम्ही उंदरांना पळवायला औषध आणतो आणि तू पाळतेस?" मी म्हटलं, "आई, हा उंदीर नाही." आई म्हणाली, "तिला सांग तसं."

पहिल्या रात्री अडीच वाजता जाग आली ती कट-कट-कट अशा आवाजाने. चिंगी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात उभी राहून गज चावत होती. एकच गज, एकच जागा. दहा मिनिटं, वीस मिनिटं. दुसऱ्या रात्री पुन्हा, तिसऱ्या रात्री पुन्हा. दुकानात जाऊन विचारलं तर सांगण्यात आलं, "दात वाढतात ना त्यांचे, म्हणून चावतात. चावायला लाकूड द्या." मी लाकूड आणून दिलं. तिने ते एकदा हुंगलं आणि परत गजाकडे गेली.

माझं काम काळा आजाराच्या इतिहासावर आहे. गेली काही वर्षं मी जुने वैद्यकीय अहवाल वाचते आहे आणि त्यांच्या तक्त्यांमध्ये हॅमस्टर भेटतात. हॅमस्टर क्रमांक अमुक, इतक्या दिवसांनी मेला, प्लीहेत परजीवी सापडले. अशा शेकडो ओळी मी वाचल्या असतील. यातला प्रत्येक प्राणी कशात ठेवला होता, हा प्रश्न मला कधीच पडला नव्हता. तो पडला रात्री अडीच वाजता.

आसाम ते जेरुसलेम

थोडं मागे जाऊ. १९०३ मध्ये विल्यम लीशमन आणि चार्ल्स डोनोव्हन या दोघांनी स्वतंत्रपणे काळा आजाराचा परजीवी ओळखला. लीशमनचा रुग्ण कलकत्त्याजवळच्या डमडम छावणीत राहिलेला एक सैनिक होता, डोनोव्हन मद्रासमध्ये काम करत होता. रोनाल्ड रॉसने त्या परजीवीच्या नावात दोघांनाही जागा दिली: लीशमनिया डोनोव्हानी. पण हा परजीवी एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो कसा, हे कोडं पुढची जवळजवळ ४० वर्षं सुटलं नाही. संशय वाळूमाशीवर होता. ही माशी डासापेक्षाही लहान असते. पुरावा हवा असेल तर असा एक प्राणी हवा, ज्याला हा आजार होतो आणि जो प्रयोगशाळेत ठेवता येतो.

१९२०च्या दशकात पेकिंगमधल्या संशोधकांना असा प्राणी सापडला: चिनी हॅमस्टर. लहान, ठेवायला सोपा आणि काळा आजार होणारा. आसाममध्ये काम करणाऱ्या काळा आजार आयोगानेही वाळूमाशीच्या प्रयोगांसाठी चिनी हॅमस्टरच वापरले. पुढे १९४२ मध्ये स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी आसाममध्ये माणसांवर, स्वेच्छेने पुढे आलेल्या लोकांवर, प्रयोग करून वाळूमाशीचा दोष पक्का केला.

चिनी हॅमस्टरमध्ये एक अडचण होती. त्या काळात ते बंदिवासात पिल्लं देत नसत. संपले की चीनमधून पुन्हा मागवायचे. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात सॉल अ‍ॅडलर नावाचा परजीवीतज्ज्ञ याच अडचणीने वैतागला होता. अ‍ॅडलरचा जन्म आजच्या बेलारूसमधला, पण तो वाढला आणि शिकला तो इथे लीड्समध्ये. लहानपणी त्याचं ज्यू कुटुंब स्थलांतर करून या शहरात आलं होतं. मी रोज ज्या शहरात बसने फिरते, तिथला हा मुलगा पुढे जेरुसलेमला गेला आणि त्याने एका सहकाऱ्याला विचारलं: आपल्याच भागात, जवळपास, एखादा हॅमस्टर नाही का मिळणार?

तो सहकारी म्हणजे प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी. जुन्या ग्रंथांतल्या प्राण्यांना आणि नव्याने सापडलेल्यांनाही हिब्रू नावं देणं हे त्याचं आवडतं काम. हॅमस्टरला आज हिब्रूत 'ओगेर' म्हणतात. त्याच्या धातूचा अर्थ साठवणं. जर्मन भाषेत तर 'हॅमस्टर'वरूनच साठेबाजी करण्याला 'हाम्स्टर्न' असं क्रियापद आहे. म्हणजे माणसाने या प्राण्याकडे पाहिलं की त्याला पहिल्यांदा कोठारच आठवलं.

घोणस आणि शेंगांची रास

सीरियातल्या अलेप्पोच्या आसपास सोनेरी रंगाचा एक हॅमस्टर आहे, हे युरोपातल्या शास्त्रज्ञांना ठाऊक होतं. अलेप्पोत अठराव्या शतकात अलेक्झांडर रसेल नावाचा एक स्कॉटिश डॉक्टर होता. त्याच्यानंतर त्याचा सावत्र भाऊ पॅट्रिक त्याच कामावर आला. अलेप्पोच्या निसर्गाविषयी अलेक्झांडरने लिहिलेलं पुस्तक पॅट्रिकने वाढवून १७९४ मध्ये पुन्हा काढलं. त्यात या प्राण्याची नोंद आहे. एका हॅमस्टरच्या गालातल्या थैल्या उघडल्या तर आत कोवळ्या शेंगा एकावर एक व्यवस्थित रचलेल्या निघाल्या. टेबलावर पसरल्या तेव्हा त्यांची रास प्राण्याच्या अंगाच्या तिप्पट झाली, असं तिथे म्हटलं आहे.

हा पॅट्रिक रसेल तुम्हाला दुसऱ्या नात्याने माहीत आहे. तो पुढे भारतात आला, ईस्ट इंडिया कंपनीसाठी विशाखापट्टणमच्या बाजूला काम करू लागला आणि तिथल्या सापांवर त्याने मोठं पुस्तक काढलं. आपली घोणस इंग्रजीत त्याच्याच नावाने ओळखली जाते.

१८३९ मध्ये लंडनमध्ये जॉर्ज वॉटरहाउसने अलेप्पोहून आलेल्या एका नमुन्यावरून या हॅमस्टरला शास्त्रीय नाव दिलं. १८८० मध्ये एक ब्रिटिश वाणिज्यदूत काही जिवंत हॅमस्टर एडिनबराला घेऊन आला. त्यांची वंशावळ तिथे सुमारे ३० वर्षं टिकली आणि १९१०च्या आसपास संपली. त्यानंतर सोनेरी हॅमस्टर म्हणजे संग्रहालयातलं कातडं आणि एका पुस्तकातली शेंगांची गोष्ट, एवढंच उरलं होतं.

गव्हाचं शेत

१९३०च्या वसंतात अहारोनी अलेप्पोला गेला. सोबत जॉर्जियस खलील तहान नावाचा सीरियन वाटाड्या होता. त्याने एका गावच्या शेखशी बोलणं केलं. शेखने मजूर लावले आणि एका शेतात, उभ्या गव्हात, खणायला सुरुवात झाली. अहारोनीने आठवणींत लिहिलं आहे की कित्येक ठिकाणी खणावं लागलं आणि शेताचा बराच भाग उद्ध्वस्त झाला. १२ एप्रिलला आठ फूट खोलीवर एक घरटं लागलं: एक मादी आणि तिची ११ पिल्लं.

मी इतिहासाची विद्यार्थिनी, त्यामुळे या प्रसंगात मला दोन गोष्टी टोचतात. एक म्हणजे खणणाऱ्या मजुरांची नावं कुठेही नाहीत. जगातल्या लाखो पाळीव हॅमस्टरांचे पूर्वज ज्या हातांनी जमिनीतून वर काढले, ते हात कुणाचे हे आपल्याला सांगता येत नाही. दुसरी म्हणजे ते आठ फूट. पुढे काय झालं हे समजून घ्यायला हा आकडा लक्षात ठेवा.

मादी आणि पिल्लं एका पेटीत ठेवली. मादीजवळ पहिलं पिल्लू गेलं, तसं तिने त्याचं डोकं तोडलं. बाकीची पिल्लं वाचावीत म्हणून तहानने मादीला मारून टाकलं. राहिली दहा. डोळेही न उघडलेली ही पिल्लं अहारोनी आणि त्याच्या बायकोने हाताने वाढवली. मध्येच ती पेटीतून सुटली, शोधाशोध झाली आणि नऊ परत मिळाली.

या नऊ पिल्लांना हिब्रू विद्यापीठात, माउंट स्कोपसवर, प्राणीगृहाचा प्रमुख हाइन बेन-मेनाहेमच्या ताब्यात दिलं. त्याने त्यांना लाकडी तळाच्या पिंजऱ्यात ठेवलं. सकाळी येऊन पाहतो तो तळाला भोक आणि पाच हॅमस्टर गायब. आता चारच उरले.

एक घरगुती उपाय

या ठिकाणी मला नेहमी थांबावंसं वाटतं. बेन-मेनाहेमकडे कुठलंही मार्गदर्शक पुस्तक नव्हतं. सोनेरी हॅमस्टर कसा पाळावा हे तोवर कुणी लिहिलेलं मला तरी कुठे भेटलं नाही. साहजिक विचार असा असता की लाकूड कुरतडतात, तर लोखंड आणा. त्याने जाळी आणली खरी. पण एवढ्यावर तो थांबला नाही. तारेच्या जाळीचा एक मोठा चौकोनी पिंजरा घेऊन त्याने त्यात सुकं गवत दाबून दाबून भरलं. वर उजेडासाठी फक्त पाच सेंटिमीटर जागा सोडली. मग त्यात एक मादी सोडली. तिने गवतात शिरून बोगदे केले, आत स्वतःची जागा केली. त्यानंतर तिचा एक भाऊ आत सोडला. आधी पाठलाग झाला, मग जोडी जमली.

माझ्या मते पाळीव हॅमस्टरच्या इतिहासातलं पहिलं यशस्वी घर हेच. आणि ते घरगुती होतं: हाताशी असलेली जाळी, हाताशी असलेलं गवत आणि प्राण्याकडे नीट पाहिलेला एक माणूस. आठ फूट खोलीवरून आणलेल्या जिवाला त्याने जमीन दिली नाही, पण जमिनीसारखं काहीतरी दिलं.

आपल्याकडे या प्रकारच्या घराला शब्द आहे: पेव. जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार, तोंड अरुंद आणि खाली पोट मोठं. माझी आई सांगलीची. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं प्रसिद्ध होती. आजोबा सांगायचे की पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आतली हवा आधी मोकळी होऊ द्यायची. चिंगीच्या पूर्वजांचं बीळही साधारण याच बेताचं: वर एकच अरुंद तोंड, सरळ खाली उतरणारा रस्ता, मग झोपायची खोली आणि धान्याची खोली. आईला हे सांगितल्यावर ती पहिल्यांदाच म्हणाली, "बघू, जरा जवळ धर कॅमेरा."

मग पेव फुटलं

मराठीत एखादी गोष्ट अचानक भरमसाट वाढली की आपण पेव फुटलं म्हणतो. इथे अगदी तसंच झालं. सोनेरी हॅमस्टरचा गर्भकाळ फक्त १६ दिवसांचा असतो. वर्षभरात त्या भावाबहिणीच्या जोडीपासून सुमारे १५० हॅमस्टर झाले. अ‍ॅडलरला हवा होता तो प्राणी मिळाला आणि १९३१ मध्ये त्याचं पहिलं संशोधन प्रसिद्धही झालं. त्याच वर्षी तो काही हॅमस्टर घेऊन लंडनला आला. कोटाच्या खिशात लपवून आणले, अशी गोष्ट सांगतात. तिथून ते ब्रिटनमधल्या इतर प्रयोगशाळांत आणि लंडनच्या प्राणिसंग्रहालयात गेले. १९३८ मध्ये ते अमेरिकेत पोहोचले.

अमेरिकेत त्यांचं दुसरं आयुष्य सुरू झालं. अलाबामा राज्यातल्या मोबील शहरात अल्बर्ट मार्श नावाच्या गृहस्थाला, एका पैजेत म्हणे, एक हॅमस्टर मिळाला. १९४०च्या दशकात त्याने हॅमस्टर पैदाशीचा धंदा उभा केला, जाहिराती दिल्या, कसे पाळावेत याची पुस्तिका छापली. घरच्या घरी हॅमस्टर वाढवा आणि विकून पैसे कमवा, असा त्याचा एकूण सूर. बघता बघता प्रयोगशाळेतला प्राणी मुलांच्या खोलीत आला.

गवत कुठे गेलं?

आता मूळ प्रश्नाकडे. बेन-मेनाहेमच्या पिंजऱ्यात दोन भाग होते, जाळी आणि गवत. माझ्या घरी आलेल्या पिंजऱ्यात जाळी होती, गवत नव्हतं. मधल्या ९० वर्षांत गवताचं काय झालं?

याचं उत्तर कुठल्याही एका कागदावर लिहिलेलं नाही. ते प्रयोगशाळेच्या रोजच्या कामातून समजून घ्यावं लागतं. गवतात गडप झालेला प्राणी दिसत नाही. रोज सकाळी तो जिवंत आहे का, आजारी आहे का, हे पाहायचं असतं, टोचायचं असतं, वजन करायचं असतं. पेटी धुवायची असते. एका फळीवर शंभर पेट्या मावायला हव्या असतात. या प्रत्येक कामाला गवत आडवं येतं. आणि एकदा का हॅमस्टर उघड्या पेटीतही पिल्लं देतात हे कळलं, की गवत ठेवायला कारणच राहिलं नाही. जे उथळ पेटीत विणीला तयार झाले त्यांचीच प्रजा वाढली. पिल्लं होतायत म्हणजे प्राणी मजेत आहे, असा सोयीचा अर्थ लावला गेला.

प्रयोगशाळेला हे सोयीचं होतं, हे मी समजू शकते. माझ्या तक्त्यांमधले ते क्रमांक याच पेट्यांमधून आलेले आहेत आणि त्यांच्यामुळे काळा आजाराबद्दल जे कळलं ते बिहार-बंगाल-आसामच्या माणसांच्या उपयोगी पडलं. हा हिशोब माझ्या डोक्यातून जात नाही आणि तो सोपा आहे असंही मी म्हणणार नाही. पण घरात हॅमस्टर पाळणाऱ्या मुलाला यातलं काहीच करायचं नव्हतं. त्याला ना टोचायचं होतं, ना शंभर पेट्या मांडायच्या होत्या. तरी त्याच्या हातात आला तो प्रयोगशाळेचाच पिंजरा, फक्त गुलाबी रंगाचा.

त्याबरोबर समजुतीही आल्या. दात वाढतात म्हणून गज चावतो. छोटा प्राणी आहे, छोटी जागा पुरते. एकटा कंटाळतो, जोडी आणा. यातली शेवटची समजूत तर सरळ जिवावर बेतणारी आहे.

कुणीतरी मोजलं

या समजुती तपासायला फार वेळ लागला. १९७१ मध्ये मायकल मर्फी हा अमेरिकन संशोधक अलेप्पोहून आणखी काही हॅमस्टर घेऊन आला. तोवर प्रयोगशाळेतले सगळे सोनेरी हॅमस्टर त्या एकाच घरट्याचे वंशज होते. पण रानातला हॅमस्टर राहतो कसा, हे नीट पाहायला १९९०चं दशक संपत आलं. जर्मनीतल्या हाले विद्यापीठाचा रोल्फ गाटरमान आणि त्याचे सहकारी १९९७ आणि १९९९ मध्ये अलेप्पोच्या शेतांत गेले. त्यांनी ३० बिळं तपासली. खोली ३६ पासून १०६ सेंटिमीटरपर्यंत, सरासरी ६५. एकाही बिळात एकापेक्षा जास्त प्रौढ हॅमस्टर नव्हता. म्हणजे हा प्राणी एकटाच राहतो, दोन प्रौढ एकत्र ठेवले तर मारामारी ठरलेली.

याच गटाने २००८ मध्ये आणखी एक चकित करणारी गोष्ट छापली. पिंजऱ्यात रात्री जागणारा हा प्राणी रानात दिवसा बाहेर येतो, निदान त्यांनी पाहिलेल्या माद्या तरी सकाळी आणि संध्याकाळी थोडा थोडा वेळ बाहेर येत होत्या. हॅमस्टर म्हणजे निशाचर, हे आपण शाळेच्या पुस्तकासारखं पाठ केलेलं. आणि ते पाठ झालं पिंजऱ्याकडे बघून.

स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठात २००६ मध्ये थेट माझ्याच प्रश्नावरचा प्रयोग झाला होता. हॅमस्टरांचे तीन गट केले. एकाच्या पिंजऱ्यात १० सेंटिमीटर भुसा, दुसऱ्याच्या ४०, तिसऱ्याच्या ८०. गज सगळ्यात जास्त चावले १० सेंटिमीटरवाल्यांनी, आणि चाकावर जास्त पळणारेही तेच. खोल भुसा मिळालेल्यांनी बिळं केली. पुढच्याच वर्षी त्याच गटाने पिंजऱ्याचा आकार बदलून पाहिला. लहान पिंजऱ्यांत गज चावणं जास्त वेळा आणि जास्त वेळ चालायचं.

म्हणजे दातांचा दोष नव्हता. चिंगी मला जे सांगत होती ते बेन-मेनाहेमला १९३० मध्ये एका रात्रीत कळलं होतं, तळाला पडलेलं भोक बघून.

माझं खोकं

तर मी काय केलं ते सांगते. तुमच्यापैकी काही जणांकडे हॅमस्टर आहे, हे मला ठाऊक आहे.

एका सेकंडहँड दुकानातून पुस्तकांचं जुनं कपाट आणलं आणि ते पाठीवर आडवं केलं. मधल्या फळ्या काढल्या. एक मीटर लांब, अर्धा मीटर रुंद तळ मिळाला. बाजू वाढवायला प्लायवूडच्या पट्ट्या स्क्रूने लावल्या. पुढच्या बाजूची एक पट्टी कापून तिथे अ‍ॅक्रिलिकची काच बसवली, कारण मलाही बघायचं होतंच, मी काही संत नाही. आतले सांधे मत्स्यालयासाठी चालणाऱ्या सिलिकॉनने बुजवले आणि वास पूर्ण जाईपर्यंत खोकं तसंच पडू दिलं. वर लाकडी चौकट आणि तिला बारीक जाळी. जाळी हवेसाठी वर असावी. बाजूला गज नसले की चावायला काही उरत नाही.

मग भरणं. एका बाजूला ४० सेंटिमीटर, दुसरीकडे उतार करत २० पर्यंत. कागदाचा भुसा आणि सुकं गवत यांचे थर, प्रत्येक थर हाताने दाबून. नुसता भुसा भुसभुशीत राहतो आणि बोगदा ढासळतो, गवतामुळे तो धरून राहतो. देवदारासारखं उग्र वासाचं लाकूड भुश्यात नको, श्वासाला त्रास होतो. दुकानात 'मऊ बिछाना' म्हणून कापसासारखं काही मिळतं, तेही नको, पाय अडकतात. साधा टिश्यू पेपर फाडून द्या, ती स्वतः गादी करते.

चाक मोठं घेतलं, २८ सेंटिमीटर व्यासाचं. पळताना पाठ सरळ राहिली पाहिजे आणि पृष्ठभाग सलग हवा, पट्ट्यांचा नको. माझी चूक इथे झाली: चाक सरळ भुश्यावर ठेवलं. दोन दिवसांत चिंगीने त्याच्या खालून बोगदा काढला आणि चाक एका बाजूला कललं. ती खाली असती तर दबली असती. आता चाक आणि वाळूचं भांडं एका फळीवर आहेत आणि फळीचे पाय थेट तळावर टेकलेले आहेत. जड वस्तू कधीही भुश्यावर नको, ही या सगळ्यातली मला सगळ्यात महागात पडू शकली असती अशी गोष्ट. वाळू अंग घुसळायला असते, ती जाडसर हवी, पावडरीसारखी धूळ नको.

आणि साफसफाई: सगळं एकदम उपसायचं नाही. जो कोपरा ती संडासाला वापरते तेवढाच काढायचा. बाकी बीळ तिचं आहे.

खर्च दुकानातल्या मोठ्या पिंजऱ्यापेक्षा कमी आला. घरमालकाच्या तपासणीच्या दिवशी हे खोकं बघून त्यांचा माणूस म्हणाला, "कपाट पडलंय का?" मी म्हटलं, "नाही, झोपलंय."

पहिल्या रात्री चिंगी भुश्यावर काठाकाठाने फिरली. दुसऱ्या रात्री तिने एका कोपऱ्यात खणायला घेतलं आणि दिसेनाशी झाली. तिसऱ्या रात्री मी अडीचला उठले, सवयीने. आवाज होता, पण वेगळा, गवत सरकल्याचा. गज चावायचा आवाज त्यानंतर ऐकलेला नाही, कारण चावायला गजच नाहीत, हे मान्य. पण काचेला किंवा कोपऱ्याला ती तशी लागलेलीही मी पाहिलेली नाही.

अलेप्पो आज

गोष्ट इथे संपवता आली असती, पण ती लीड्समधल्या एका खोलीची नाही.

रानातला सोनेरी हॅमस्टर अलेप्पोच्या पठारावर आणि तुर्कस्तानच्या सीमेलगत, एवढ्याच पट्ट्यात राहतो. आज तो धोक्यात असलेल्या प्राण्यांत मोजला जातो. तो शेतात राहतो, धान्य आणि कडधान्य नेतो, त्यामुळे शेतकरी त्याला विष घालतात. शेतकऱ्याच्या जागी आपले आजोबा असते तर त्यांनीही तेच केलं असतं. त्यावर २०१२ पासून चार वर्षं अलेप्पो शहरात लढाई झाली आणि २०२३च्या भूकंपानेही हा भाग हादरला. ज्यांच्या शेतात हे बीळ होतं त्या लोकांपैकी कितीतरी आज जर्मनीत, तुर्कस्तानात, इथे ब्रिटनमध्ये आहेत. जगभरच्या मुलांच्या खोल्यांतून हॅमस्टर आहेत आणि त्यांचं मूळ घर रिकामं होत चाललं आहे.

माझ्या खोक्याने यातलं काहीही बदलत नाही, हे मला माहीत आहे. बदललं ते माझं वाचन. परवा पुन्हा एका जुन्या अहवालाचा तक्ता उघडला होता. हॅमस्टर क्रमांक, दिवस, निकाल. आता प्रत्येक ओळीपाशी मी आधी एक गोष्ट शोधते: त्याला कशात ठेवलं होतं? बहुतेक ठिकाणी ते लिहिलेलं नसतं. कधी कधी एखादा शब्द सापडतो, पेटी, बरणी, भुसा. मी तो वेगळ्या वहीत टिपून ठेवते.

काल रात्री चिंगीला थोडी बाजरी दिली, आपल्या भारतीय दुकानातली. तिने एकही दाणा समोर खाल्ला नाही. गालात भरली, काचेजवळच्या भोकातून खाली गेली, रिकाम्या गालांनी वर आली, पुन्हा भरली. काचेतून तिची धान्याची खोली दिसते, आत बाजरी, भोपळ्याच्या बिया आणि कधीचा तरी एक वाटाणा नीट रचून ठेवलेला. आईला दाखवलं. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "पेव भरलं की गं तिचं."

तुमच्याकडे हॅमस्टर असेल आणि तो रात्री गज चावत असेल, तर आधी भुश्याची खोली मोजा. मग आम्हाला कळवा.